तेवढाच उतार धूसर

बाकी सगळा फोटो लख्ख आला होता. लांबचे सुळके, दरीतला पूल, अगदी पुलाचा कठडासुद्धा. फक्त समोरच्या डोंगराचा उतार धूसर होता. नेमका तोच, ज्याच्या पायथ्याशी ताईचं घर होतं.

तिच्या धाकट्या भावाचं डोकं फिरलं. आठवडाभराच्या पावसानंतर आज कुठे उघडीप मिळाली होती. सकाळपासून गच्चीत कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून त्याने एकाच देखाव्याचे ढीगभर फोटो काढले होते. ते संगणकावर एकावर एक चढवले की एकातली कसर दुसरा भरून काढतो आणि देखावा धारदार होतो. या कामात तो कुणाला हार जाणारा नव्हता.

मधेच ताईचा फोन येऊन गेला होता.

"अरे, मागचं दार उघडेना. रंधा घेऊन ये जरा."

"पावसानं लाकूड फुगलं असेल गं. एवढा फोटो होऊ दे, मग येतो."

"आत्ता ये रे! डोंगर काही पळून जात नाही."

चोरांच्या धास्तीने सगळ्या खिडक्यांना लोखंडी गज ठोकून घेणारी ताई, आणि घरच्याच दारापुढे तिने हात टेकले. फोन ठेवताना त्याला हसूच आलं होतं.

आता मात्र त्याने बायकोवर डोळे वटारले. "कपडे वाळत घालताना स्टँडला धक्का लावलास ना?"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" ती फणकारली. "धक्का लागला असता तर पूल नसता का हलला?"

त्याने सकाळचा पहिला फोटो उघडला आणि त्यावर मघाचा शेवटचा ठेवला. सुळके सुळक्यांवर बसले. पूल पुलावर बसला. उतारावरची झाडं काही केल्या झाडांवर बसेनात. रांगच्या रांग खाली आली होती, ताईच्या छपराच्या दिशेने.

मग त्याला ते मागचं दार आठवलं. त्याने घाईघाईने ताईला फोन लावला.

"ताई, आहेस तशी बाहेर पड! काही घेऊ नकोस, आधी बाहेर पड!"

"तीच तर खटपट चाललीय मघापासून," ताई वैतागून म्हणाली. "आता पुढचंही दार उघडेना."