पाहुण्यांसमोर द्यायचा गुच्छ

मौजे पिशोर, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. माघ महिन्यातला रविवार, सकाळची वेळ. त्रिंबक आपल्या दुकानात झेंडूचे हार ओवत बसला असताना शहरातून रामप्रसादचा फोन आला.

रामप्रसाद शहरातला मोठा फुलवाला. कुणी कुठूनही मोबाइलवर मागणी नोंदवावी आणि त्याच दिवशी खेड्यातल्या घरी फुले पोहोचावीत, असा त्याचा व्यवसाय होता. प्रत्यक्ष फुले मात्र त्या त्या गावचा फुलवाला देई.

"त्रिंबकभाई, आजच्या आजची ऑर्डर हाय. लाल गुलाबांचा गुच्छ. तुमच्या काकासाहेबाची पोरगी अक्षदा, तिच्या हातात द्यायचा. वर कार्ड लावायचं, 'फक्त तुझाच.'"

"पाठवणार कोण?"

"नाम नहीं बताया. आन् एक शर्त हाय. दुपारी घरात पाहुणे बसलेले असतील, त्यांच्यासमोरच द्यायचा. जमत नसंल तर सांडूला सांगतो."

"सांडूला कशाला? मी देतो," त्रिंबक घाईने म्हणाला.

सांडू हा गावातला दुसरा फुलवाला. त्याच्या हाती हा गुच्छ पडता, तर अक्षदाच्या दारी पोहोचण्याआधी साऱ्या बाजाराला त्याची खबर लागली असती.

अक्षदाला पाहायला त्या दुपारी पैठणहून मंडळी यायची होती. त्रिंबक ओवत होता ते हार त्यांच्याचसाठी. ते सांगायला आदल्या संध्याकाळी आलेला काकासाहेब किती वेळ दुकानाच्या फळीवर बसून राहिला होता.

"ह्या बारीला जमलंच पाहिजे, त्रिंबक. पहिल्या पाहुण्यांना कुणीतरी निनावी फोन केला. दुसऱ्यांच्या कानावर घातलं, पोरीला फिट येती म्हणून. आता हेबी मोडलं तर पुढं कोण येतंय दारात?"

"आन् तिची शेंद्र्याची नोकरी?"

"कंपनीनं बोलावलंय खरं. पण पाहुण्यांना नोकरीवाली सून नको. लगीन लागलं की विसरंल."

त्रिंबकने सुई खाली ठेवली आणि शांतपणे विचार केला. ज्याचा खरोखर जीव जडला आहे, तो मुलीची अशी चारचौघांत शोभा करणार नाही. म्हणजे हा प्रियकर नव्हे. प्रियकर नव्हे, तर वैरी. आणि निनावी फोन करणारा जो कुणी होता, तोच हा. या अनुमानात त्याला कुठे फट सापडेना.

शब्द पाळायचा, डाव मात्र उधळायचा, असे त्याने ठरवले. कार्ड त्याने लिहिलेच नाही. गुलाब देठाशी खुडले, मोगऱ्याच्या कळ्यांत गुंफले आणि त्यांच्या घसघशीत वेण्या केल्या.

तो काकासाहेबाच्या ओसरीवर चढला तेव्हा पोहे आटोपून चहा चालला होता. पाटावर मान खाली घालून बसलेल्या अक्षदाने त्याची चाहूल लागताच मान वर केली. त्याच्या हातातली टोपली पाहून ती नुसती पाहतच राहिली.

"रामराम मंडळी," त्रिंबक म्हणाला. "घे अक्षदा. तू सांगितलेल्या वेण्या."

"मी?"

"आता लाजती कशाला? पाहुण्या बायांसाठी ताज्या वेण्या पाहिजेत, असा तूच तर निरोप धाडला."

मुलाची आई वच्छलाबाई तोवर अगदी ताठ बसून होती. तिचा चेहरा एकाएकी उजळला.

"बघा! पोरीला पाहायला आलो आपण, न् आपलीच बडदास्त ठेवली तिनं. आमच्या थोरलीला अजून सुचलं नाय हे!"

थोरली सून शेजारीच होती. तिने चहाच्या कपात तोंड घातले.

"घाल बाई, तूच घाल," म्हणत वच्छलाबाईने अंबाडा पुढे केला. अक्षदाच्या हातून आकडा दोनदा निसटला.

"लई लाजाळू हाय," कुणीतरी कौतुकाने म्हणाले.

वच्छलाबाई नवऱ्याकडे वळली. "आता घरी जाऊन कळवतो म्हणू नका. सुपारी इथंच फोडा."

सुपारी फुटली. काकासाहेबाने दारातच त्रिंबकचे दोन्ही हात धरले.

त्रिंबक समाधानाने गोठ्यामागे लावलेल्या मोटारसायकलीकडे निघाला. तो किल्ली फिरवणार, तोच अक्षदा रिकामी टोपली घेऊन मागच्या दाराने आली.

"मामा, गुच्छ कुठंय?"

"हळू बोल. कुणा वैऱ्यानं धाडला होता, तुझं वाटोळं करायला. त्याच फुलांच्या वेण्या केल्या मी. सुटलीस बघ." एवढे बोलून तो थबकला. "पण गुच्छाचं तुला कुणी सांगितलं?"

अक्षदाने टोपली त्याच्या हातात दिली.

"पहिली दोन ठिकाणं मी मोडली होती, मामा," ती म्हणाली. "हे तुम्ही जमवलं."