धरून ठेवणारा

आकडा पुन्हा लाल झाला, तेव्हा धाकट्याने बोट माऊसवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. शेअरचा भाव ठरावीक मर्यादेखाली गेला की विकून मोकळं व्हायचं, असं त्यानेच ठरवलं होतं. ती मर्यादा कालच मागे पडली होती.

ओले केस पुसत ताई दारात येऊन उभी राहिली.

"विकलास?"

"थांब गं थोडं." त्याने जळजळणारे डोळे चोळले. "मागच्या वेळीही असाच कोसळला होता. सगळे पळाले, मी धरून ठेवलं. म्हणून तर..."

पुढचं घरात सगळ्यांना पाठ होतं. बाजारात उतरून वर्षही झालं नव्हतं आणि त्या एका सौद्यात त्याचे पैसे तिप्पट झाले होते. मित्र त्याला वाघ म्हणू लागले. त्याने नोकरी सोडली तेव्हा बाबा रागावले तर नाहीतच, उलट आल्यागेल्याला सांगत सुटले, "काळीज लागतं त्याला, काळीज!" आणि आता ती सगळी पुंजी याच एका कंपनीत अडकली होती.

ताई पलंगाच्या कडेवर टेकली.

"तू धरून नव्हतं ठेवलंस," ती हळूच म्हणाली.

त्याने स्क्रीनवरचा आलेख उगाच मोठा केला.

"तेव्हा तू तापाने फणफणला होतास. हाताला सलाईन, आणि तुझा फोन माझ्या पर्समध्ये, बंद. जरा शुद्धीवर आलास तर म्हणालास, ताई, आधी विकून टाक. मला कुठे येत होतं विकायला?"

तो हे विसरला नव्हता. फक्त सांगताना गाळायला लागला होता. सांगता सांगता दवाखान्यातली खाट कधी नाहीशी झाली आणि तिच्या जागी दात-ओठ आवळून स्क्रीनसमोर बसलेला तो कधी आला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"एवढे दिवस बोलली नाहीस ते?"

"मलाही बरं वाटत होतं रे," ताई म्हणाली. "माझा भाऊ वाघ आहे, असं सांगताना."

पंखा घरघरत राहिला. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती. धाकटा वळला. त्याने विक्रीचं बटण दाबलं. निम्मी पुंजी बुडाली, निम्मी हाताशी राहिली. मग त्याने स्क्रीन बंद केला.

दुपारी दोघं जेवायला बसली, तोच मित्राचा फोन आला. मित्र ओरडतच होता. कंपनीला मोठं कंत्राट मिळालं होतं. भाव सकाळच्या कितीतरी वर गेला होता. धाकट्याने "हं, हं" करत ऐकून घेतलं आणि फोन उपडा ठेवला.

ताईचा घास हातातच राहिला. "वर गेला?"

"चांगलाच."

"माझं ऐकायला नको होतंस." तिचा आवाज चिरकला. "चुकलंच रे माझं."

"नाही गं." तो इतका दमला होता, की मान वर करायचाही त्याला कंटाळा आला होता. "हा मात्र मी विकलाय."

आणि त्याने भाजीचं पातेलं आपल्याकडे ओढलं.