डावी पोटरी

“एकच पाय सुजलेला, पोटरी तापलेली आणि घट्ट असेल, तर हात लावायचा नाही,” मालीशच्या वर्गात मॅडम म्हणाल्या. “आत रक्ताची गाठ असू शकते. तुम्ही चोळाल, ती सुटेल आणि थेट फुप्फुसात जाऊन बसेल. माणूस तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. त्याला मालीश नाही, तडक दवाखाना.”

साधनाचे तेलकट हात टेबलावर झोपलेल्या मैत्रिणीच्या पायावर होते. ते तिथेच थांबले. बाकीच्या मुली भराभरा लिहून घेत होत्या. साधनाला लिहायची गरजच नव्हती. अशी पोटरी तिने चांगली चोळली होती, अंगातला सगळा जोर लावून.

मागच्या वर्षी तिचे सासरे पंजाबराव वांग्याच्या वाफ्यात पाय घसरून पडले. अकोल्याला खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर खाटेवरच त्यांचा डावा पाय टम्म सुजला. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायची या घरात रीत नव्हती. पण सासूनेच, गोदाबाईंनीच, लसूण-ओवा घालून तेल कढवलं आणि वाटी तिच्या हातात दिली. “माह्या हातात जोर नाही राहिला. तूच चोळ.”

साधनाने चोळलं. पंजाबराव डोळे मिटून म्हणाले, “बरं वाटून राहिलं, बाई. तुया हाताले गुन हाय.” त्याच संध्याकाळी त्यांना दम लागला. गाडी दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. हार्टचं असेल, असं लोक म्हणाले. म्हातारा सुनेची सेवा घेऊन सुखानं गेला, असंही म्हणाले.

त्या एका शब्दावर साधना अमरावतीला मालीश शिकायला निघाली. मरणाऱ्या माणसाने हाताला गुण आहे म्हटलं, तर तो हात भाजी खुडण्यात का घालवायचा? तिचा नवरा मनोज भडकला. “लोकाइचे पाय दाबत फिरशीन? नाक कापशीन आमचं!” पण जन्मात कधी मुलापुढे आवाज न चढवलेल्या गोदाबाई या वेळी हटल्या नाहीत. “जाऊ दे तिले. शिकू दे,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी मनोजने हात टेकले.

रोज साधना घरी आली, की चपला काढायच्या आत गोदाबाई विचारायच्या, “आज काय शिकवलं?” साधना सांगायची, मान, खांदे, पाठ. त्या नीट ऐकून घ्यायच्या आणि मुकाट्यानं कामाला लागायच्या. सासू असावी तर अशी, असं शेजारपाजारच्या सुना जळून म्हणत.

आज चांदूर रेल्वेच्या बसमध्ये साधना हात पदराखाली घेऊन बसली होती. स्वतःच्याच हातांची तिला किळस येत होती. त्यांच्यावर पोट भरायला निघाली होती ती! आता या हातांनी कुणाला शिवायचं? आणि कपाळावर कुंकू नसलेल्या त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? न सांगता तिच्याच ताटात जेवायचं तरी कसं? मरून जावं, असं तिला अगदी खरोखर वाटलं.

गोदाबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“आज काय शिकवलं?”

साधना खांबाला धरून उभी राहिली आणि मॅडम जे बोलल्या ते सगळं तिने सांगून टाकलं. “आई, मामाजीले म्या मारलं.”

गोदाबाई रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. हातातली जुडी त्यांनी बाजूला ठेवली.

“तू नाही वं. सुटी देतानी डॉक्टरनं मले बजावलं होतं. पाय सुजला त चोळू नोका, तसंच घेऊन या. म्या म्हटलं, हे डॉक्टर त काहीबी सांगतेत. अन् वाटी तुया हातात देल्ली.”

“तुमाले माहीत होतं? मंग मले कावून नाही सांगतलं?”

“माह्या तोंडातून निंगत नोव्हतं,” गोदाबाई म्हणाल्या. “म्हून त तुले तिथं धाडलं. कोनी ना कोनी सांगनच म्हून.”