एल्कसाठी काडतूस

हरणालाही चालेल आणि घोड्याएवढ्या एल्कलाही पुरेल असं एकच काडतूस कोणतं, यावर मोंटानातल्या श्रीरंग पटवर्धनांनी अख्खा उन्हाळा खल केला. बायकोला बघायला गेले तेव्हा मात्र पोहे संपायच्या आत होकार दिला होता, हे त्यांच्या बायकोनं, मृदुलानं, त्यांना ऐकवलंही.

अखेर ‘तीनशे आठ’ नंबरचं काडतूस ठरलं. दोघं जंगलात दबा धरून बसली आणि एल्क थेट समोर आला. श्रीरंगनी नेम धरला, बोट चापावर ठेवलं आणि नुसते बघत राहिले. एल्क निवांत चरून निघून गेला.

“काडतूस जरा जड झालं असतं,” ते घसा खाकरत म्हणाले. “मांस नासलं असतं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. जिभेवर आलेला टोमणा मृदुलानं गिळला.

“पुढच्या वर्षी हलकं बघू,” म्हणत तिनं थर्मासमधला चहा ओतला.