स्वानेनच्या पोटाखाली

"डोकं सांभाळा बाबा, दार बुटकं आहे," म्हणत गुन्वोरनं वडिलांना कोपराशी धरून आत घेतलं.

आत गारवा होता. डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास नाकात शिरला तसा सिक्स्टेन जागीच थबकला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली. चर्चमध्ये शिरताना धरायचा तशीच.

"तिकिटं घेतलीस?"

"घेतली. म्हाताऱ्यांना सवलत आहे."

"चला, म्हातारपणाचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा."

सबंध हिवाळा डॉक्टर नाहीच म्हणत होता. राजधानीतल्या संग्रहालयापर्यंतचा तीन तासांचा प्रवास या हृदयाला झेपायचा नाही, आणि पुढचा हिवाळा दिसेल याची खात्री नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. मग गेल्या आठवड्यात गुन्वोर म्हणाली, डॉक्टर तयार झालाय. गाडीत बसताच सिक्स्टेननं हृदयाची गोळी घेतली. त्या गोळीनं त्याला नेहमीच झोप यायची. जाग आली ती गाडी थांबल्यावरच.

तरुणपणी तो पाणबुड्या होता. स्वानेन, राजाचं लढाऊ जहाज, तीनशे वर्षं समुद्राच्या गाळात रुतलेलं. ते वर काढायला पोटाखालून दोरखंड घालायचे होते आणि त्यासाठी गाळात बोगदे खणायचे होते. तिथं डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखाच काळोख. म्हणून पाणबुडे शिरस्त्राणातल्या टेलिफोनवर स्तोत्र गात राहायचे. वर दोर धरून बसलेल्याला ऐकू येत राहायचं. गाणं चालू आहे तोवर माणूस आहे. थांबलं की ओढा.

एके दिवशी बोगदा ढासळला आणि सिक्स्टेनचे पाय गाळात गाडले गेले. वर अख्खं जहाज. भीतीनं पुढचं आठवेना, म्हणून तो पहिलंच कडवं पुन्हा पुन्हा गात राहिला आणि मनात देवाला म्हणाला, यातून काढलंस तर याच जहाजाच्या पोटाखाली कोरड्यात उभा राहून तुझं सगळं स्तोत्र गाईन, शेवटच्या शब्दापर्यंत.

देवानं काढलं. पुढल्या वर्षी दुसऱ्या बंदरात सुरुंगाचा स्फोट झाला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. त्यानंतर स्वानेन वर आलं, त्याच्यासाठी संग्रहालय उभं राहिलं, जगभरातून माणसं बघायला आली. आपल्याला दिसायचं नाही तर जायचं कशाला, असं म्हणत सिक्स्टेन राहिला तो राहिलाच. बोललेलं तसंच राहून गेलं. आणि आता ते राहू द्यायला वेळच उरला नव्हता.

"नमस्कार, मी लोव्हिसा. तुम्हाला जहाज दाखवणार आहे." आवाज कोवळा होता, बोलणं राजधानीकडचं. "आपण अगदी त्याच्यासमोर उभे आहोत."

"गर्दी नाही का आज?"

"आहे की. पण इथं आलं की माणसं आपोआप गप्प होतात."

ते खरं असावं. बूट घासल्याचा आवाज येत होता. कुणीतरी खोकला दाबला, कुणी नाक शिंकरलं. एवढी माणसं, आणि साधी कुजबूजही नाही.

"गुन्वोर, कसं दिसतं गं?"

"उंच, बाबा. मान मोडेल इतकं उंच." ती भराभर सांगू लागली. "काळं आहे. वरच्या अंगाला तोफांची दारं, सगळी उघडी. प्रत्येक दारावर सिंहाचं तोंड कोरलंय. आणि मागे माणसंच माणसं, लाकडाची. राजे, देवदूत, शिंगं फुंकणारी पोरं. उजेड पडलाय ना, तर वाटतं आत्ता फुंकतील."

सिक्स्टेन तोंड वर करून ऐकत होता. त्या काळोखात तो बोटांनी जे चाचपडत होता, त्याच्यावर एवढं सगळं उभं होतं तर!

"एकदा सिंहाच्या जबड्यात मनगटापर्यंत हात गेला होता माझा," तो म्हणाला. "वाटलं, चावतोय आता. वरून फोनवर म्हणतात, गाणं का थांबवलंस रे? म्हटलं, सिंह बघतोय!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हात लावायला बंदी असेल ना?" त्यानं हळूच विचारलं.

लोव्हिसा जवळ सरकली. "तुम्हाला नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही, आजोबा."

गुन्वोरनं त्याला वाकवून जहाजाच्या पोटाखाली नेलं. त्यानं फळीवर तळवा टेकला. बोटं सरकत सरकत एका सांध्यापाशी गेली, थांबली, पुन्हा मागे आली. मग त्यानं फळीला नाक लावलं.

"बाबा? बरं वाटतंय ना?"

"डांबर मस्त चोपडलंय," तो म्हणाला.

मग घसा खाकरून त्यानं पहिलं कडवं उचललं. आवाज थकलेला, पण सुराला पक्का. लाकूड त्याच्या हाताखाली घुमलं. दोनदा त्याचा श्वास तुटला, दोनदा गुन्वोरनं त्याचा दंड घट्ट धरला, पण गाणं थांबलं नाही.

दुसऱ्या कडव्याच्या पहिल्याच शब्दाला डावीकडून कुणीतरी आवाज मिळवला. जाड, अर्धी मात्रा मागे राहणारा आवाज.

"श्श!" गुन्वोर कळवळून म्हणाली.

पण तोवर मागून एक बारीक, टोकदार सूर चढला होता. मग खर्ज आला, मग बायका, मग सगळेच. त्यांच्या हव्सविक गावच्या चर्चमध्ये पहिलं कडवं एकट्यानं गायचं असतं आणि दुसऱ्याला सगळ्यांनी उभं राहून मिळवायचं असतं. त्या गावात वाढलेल्या कुणालाच तिथं तोंड मिटून राहता आलेलं नाही. मागे राहणारा तो आल्गोत बेकरीवाला. टोकदार सूर पोस्टातल्या हिल्माचा. सिक्स्टेन गेली चाळीस वर्षं दर रविवारी याच सगळ्यांच्या मधोमध बसत आला होता.

"बाबा, डॉक्टर नाहीच म्हणाला हो," गुन्वोर त्याच्या कानाशी रडत होती. "मग आम्ही सगळ्यांनी…"

घरापासून हाकेच्या अंतरावर, बंदरावरच्या गोदामात, आल्गोतच्या बापाच्या जुन्या मासेमारी बोटीवर टेकलेला हात सिक्स्टेननं काढला नाही; मान वर केली आणि तिसरं कडवं हिल्माला झेपेल अशा पट्टीत सुरू केलं.