कंपनीचा बल्ब

"ह्यात कंपनीचाच बल्ब लागतो, भाऊ," रविंद्रने बॅटरीची काच फिरवून आत पाहिलं. "आणि कंपनीनं हे मॉडेल कवाच बंद केलंय."

दादाभाऊ काउंटरपासून हलला नाही. राजुरीच्या दुकानदाराने त्याला इकडे आळेफाट्याला पाठवलं होतं. ऊन चढत होतं, तरी त्याने टोपी कानांवर ओढून घेतली होती.

"दुसरा कुठलाच बसायचा न्हाई?"

"साधा बल्ब आट्यांवर बसतो. ह्याचं बूड निराळं, खाच निराळी. गिऱ्हाइकानं दुसऱ्या दारात जाऊच नये, अशी सोय. बॅटरी लई भारी, पण बल्ब गेला की नुसता दांडका. घेतली कुठनं?"

"पुण्यातनं. बायको नको म्हणत व्हती. म्हणायची, गावात बल्ब मिळंल अशीच घ्या."

"बायकांचं ऐकलं असतं तर निम्मी दुकानं बंद पडली असती, राव!"

रविंद्र एकटाच हसला.

दादाभाऊची मेंढरं निमगाव सावाच्या रानात बसवलेली होती. भोवती जाळीची वाघर, वाघरीपलीकडे ऊस आणि उसात बिबट्या. राखणीला नवरा-बायको आळीपाळीने जागायचे, तेही ह्या एकाच बॅटरीवर. बल्ब उडाल्यापासून निर्मला रोज म्हणायची, "आज तेवढा बल्ब आणा." तो रोज उद्यावर ढकलायचा.

खिशातला फोन वाजला. भाऊ बहिरू बोलत होता.

"दादा, मिळाला का? समदी खोळंबल्यात. हितं आजून कायच न्हाई."

"बघतोय," म्हणून त्याने फोन ठेवला.

"घरी कार्यक्रम हाय जणू?" रविंद्रने विचारलं.

"हं. पावणं आल्यात."

रविंद्रने फळीवरून दुसरी बॅटरी काढली. पेटवली, मुद्दाम फरशीवर आपटली आणि उचलून दाखवली. उजेड तसाच होता.

"ही न्या. पाण्यात पडली तरी भ्यायला नको. सेल कुठल्याबी टपरीवर, बल्ब डिंगोऱ्यातसुद्धा मिळंल. वहिनींना सांगा, तुमच्याच मनासारखी दिली."

"तिनं बल्ब मागितला व्हता. ह्याच बॅटरीचा."

"उजेडाशी मतलब, भाऊ! त्या काय बल्ब काढून बघणारेत?"

दादाभाऊने जुनी बॅटरी उचलली. तिच्या मुठीला निर्मलाने लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, थंडीत धातू हाताला गार लागू नये म्हणून. ती गाठ त्याने अंगठ्याने चाचपली.

"चालंल का पण तिला?"

"न चालायला काय झालं? आता बिनघोर झोपतील बघा वहिनी."

दादाभाऊने रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग पैसे ठेवले, दोन्ही बॅटऱ्या पिशवीत टाकल्या आणि मोटारसायकलला किक मारली.

तो पोचला तेव्हा माणसं नदीकाठच्या सावलीत ताटकळली होती. बहिरूने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मान खाली घातली. दादाभाऊने टोपी काढली. भादरलेल्या डोक्यावर घाम साचला होता. भर उन्हात त्याने नवी बॅटरी पेटवली आणि निर्मलाच्या पिंडाशी ठेवली. "ह्याच्यावर भागव गं," म्हणून हात जोडले आणि सगळ्यांबरोबर मागे सरला. उंबरावरचे कावळे तसेच बसून राहिले.