घरची भाषा

"आज विद्याधर भैया बोलेंगे," मुन्नालालजींनी जाहीर केलं.

झाशीत दतिया गेटजवळच्या शाळेचा हा मागचा वर्ग. दर रविवारी पाच वाजता इथे दारू सोडू पाहणारी माणसं जमायची आणि पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. आडनाव कुणी कुणाला सांगायचं नाही, नुसतं नाव. विद्याधरचा हा तेरावा रविवार. एक्क्याण्णव दिवस त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. पण रेल्वेतून निवृत्त झालेले मुन्नालालजी पहिल्या दिवसापासून एकच बजावत होते: आत जे कुजतंय ते बोलून टाकल्याशिवाय दारू सुटत नाही, नुसती थांबते. आणि ते खरं होतं. याच आठवड्यात दोनदा विद्याधर दारूच्या ठेक्यासमोर जाऊन उभा राहिला होता. दोन्ही वेळा रमाकांतला फोन केला म्हणून वाचला.

इथे नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देत. विद्याधरच्या वाट्याला रमाकांत आला होता. देवमाणूस! फोन केला की पंधरा मिनिटांत हजर. मानिक चौकात चहा पाजणार आणि एक अक्षर न विचारता ऐकत बसणार. रमाकांत कोण, कुठला, घरी कोण कोण, हे मात्र विद्याधरने कधी विचारलं नव्हतं. स्वतःचंच रडगाणं संपेना, तिथे दुसऱ्याचं कोण ऐकतो!

विद्याधर उभा राहिला. तोंड उघडलं आणि मिटलं. "नहीं होगा मुझसे."

"अरे, तो अपनी मराठी में बोल दो," मुन्नालालजी म्हणाले. "हमें कौन-सा समझना है? तुम्हें निकालना है."

खरंच की! हे इतके दिवस कसं सुचलं नाही? त्याने एकेकाकडे पाहिलं. दोन बुंदेली शेतकरी, एक कंपाउंडर, मुन्नालालजी आणि रमाकांत. झाशीतली मराठी घरं त्याला तोंडपाठ होती. त्यांतलं इथे कुणी नव्हतं. घरात बोलावं तसा तो बोलू लागला.

"दोन वर्षं झाली. वैशाखातली दुपार. टहरौलीहून गाडी घेऊन येत होतो. प्यायलेलो होतो, चांगलाच. वळणावर एक सायकलवाला आला आणि मी त्याला उडवला."

कंपाउंडरने मान डोलावली. शेतकरी कळवळून बघत होते. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यानेच विद्याधरची जीभ सुटली.

"उतरलो खाली. जिवंत होता हो तो! सायकलवर खरबुजं होती, ती रस्ताभर फुटून पडली होती, आणि हा पाणी मागत होता. माझ्याकडे बाटली होती. दारूत घालायला घेतलेली. हातात घेतलीसुद्धा. मग वाटलं, थांबलो आणि कुणी आलं तर? तोंडाला वास येतोय. नोकरी जाईल, पोरीचं ठरलेलं लग्न मोडेल. त्याने माझा पाय धरला होता. मी सोडवून घेतला आणि निघून आलो. कुणाला कळवलंदेखील नाही. मी नीच आहे. दुसरं काय म्हणू?"

आता सगळेच माना डोलावत होते. रमाकांत तेवढा डोलावत नव्हता.

"शाबास, भैया!" मुन्नालालजींनी टाळी वाजवली, बाकीच्यांनीही वाजवली. कंपाउंडरने तर त्याला मिठी मारली. विद्याधर डोळे पुसत हसला. छातीवरचा धोंडा उतरला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला सडकून भूक लागली होती.

एकेक करून सगळे गेले. रमाकांत बाकावरून हलला नव्हता.

"चलिए, रमाकांतजी. आज कचौरी मेरी तरफ से."

रमाकांत उठला. दाराकडे गेला आणि त्याने ते आतून लोटून घेतलं.

"माझी आई मराठी आहे," तो म्हणाला. शब्द शोधत, अडखळत. "तुमच्यातलीच. टहरौलीत दिली होती तिला."

झाशीत अवचित मराठी कानावर पडली की होतो तसा विद्याधरला आधी आनंदच झाला. अरे वा, असं म्हणणारही होता तो. मग टहरौली हे नाव त्याच्या डोक्यात शिरलं.

"रोज विचारते ती. धाकट्याला मरताना त्रास झाला का रे, म्हणते. मी सांगतो, नाही आई, जागच्या जागी गेला. दोन वर्षं हेच सांगतोय."

विद्याधरने हात जोडले. पाया पडावं असं त्याला वाटत होतं, पण तोंडून भलतंच निघालं. "इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही... नियम आहे, रमाकांतजी." बोलला आणि त्याची त्यालाच किळस आली.

"नाही नेणार. आईलाच इथे आणतो. पुढच्या रविवारी."

"आणि मी आलो नाही तर?"

"तर प्याल." रमाकांतच्या आवाजात राग नव्हता. एरवी चहा घेताना बोलायचा तितक्याच हळू तो बोलत होता. "तुम्ही याल. आज बोललात तसंच सगळं परत बोला."

त्याने दार उघडलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. पायरीवर तो थांबला.

"तिला कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने बोला."